मोजणाऱ्याची उमेदवारी



दोन वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गातला एक विद्यार्थी माझ्याकडे एक कागद घेऊन आला. नागपूर शहराच्या लोकसंख्येचे आकडे त्याने जुन्या अहवालांतून उतरून घेतले होते आणि मोठ्या हौसेने त्यांचा आलेख काढला होता. आकडे असे होते : १८७२ साली ८४,४४१, १८९१ साली १,१७,०१४, १९०१ साली १,२७,७३४, १९११ साली १,०१,४१५, १९२१ साली १,४५,१९३. रेघ वर वर चढत जाते, १९११ पाशी एकदम खड्ड्यात पडते आणि पुन्हा उसळून वर येते. ह्या खड्ड्याची मीमांसा म्हणून मुलाने खाली चांगली दीड पाने लिहिली होती. एम्प्रेस मिलचा व्यवहार, कापसाच्या बाजारातील मंदी, मुंबईकडे गेलेले मजूर, असा सगळा मजकूर होता. भाषा शुद्ध होती आणि तर्कही ऐकताना पटण्यासारखा होता. फक्त त्यातले एकही कारण त्या खड्ड्याचे नव्हते.

मी त्याला विचारले, "हे आकडे मोजले कोणी?" तो म्हणाला, "सरकारने." मी म्हटले, "सरकार घरोघर जात नाही. दारात कोण उभा होता? कोणत्या तारखेला? दिवसा की रात्री? त्याने नेमके काय विचारले?" मुलगा गप्प बसला. दोष त्याचा नव्हताच. आकड्यांची बेरीज-वजाबाकी, सरासरी आणि टक्केवारी आम्ही मास्तरमंडळी शिकवितो. आकडा जन्माला कसा येतो हे मात्र शिकवीत नाही. त्या मुलाला मी पुढे तीन-चार बैठकींत जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे थोडे विस्ताराने मांडणार आहे. १९११ चा खड्डा वाटेत येईल. तोपर्यंत थोडा धीर धरावा.

माणसे मोजण्याची कल्पना इंग्रजांनी आणली असे आपण सहज बोलून जातो. ते खरे नाही. 'खानेसुमारी' हा शब्दच आपल्याकडे जुना आहे आणि पेशवे दफ्तरात खानेसुमारीचे कागद आहेत. पण ती मोजणी बहुतकरून घरांची, चुलींची व पट्टी बसविण्याजोग्या कुटुंबांची असे. नागपूरच्या भोसल्यांच्या मुलखाची तपशीलवार माहिती पहिल्याने एकत्र झाली ती रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स ह्याच्या १८२७ च्या अहवालात. पुढे १८५४ साली राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली आणि रिचर्ड टेंपल हा उत्साही गृहस्थ चीफ कमिशनर म्हणून आला.

टेंपलच्या हाती आलेल्या पहिल्या सामग्रीची हकीगत सांगण्यासारखी आहे. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी नागपुरास अनेक वर्षे होते. आज त्यांचे नाव आपल्याला महाविद्यालयामुळे ठाऊक आहे. ह्या माणसाने गोंड आणि इतर वन्य जमातींत हिंडून शब्दांच्या याद्या, गाणी, चालीरीती ह्यांची टिपणे केली होती. १८६३ साली रात्री परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले आणि मागे राहिले ते अर्धवट कागदांचे गठ्ठे. टेंपलने ते लावून घेतले आणि १८६६ साली छापून काढले. आता विचार करा. गोळा करणारा एक आणि लावणारा दुसरा. आणि गोळा करणारा 'हा शब्द कोणत्या गावी ऐकला, कोणाकडून ऐकला' असे विचारायला हयात नाही. जे त्याच्या डोक्यात होते पण कागदावर नव्हते, ते त्याच्याबरोबर वाहून गेले. जो जो टिपण करतो त्या प्रत्येकाची ही गोष्ट आहे; फक्त प्रत्येक वेळी ओढ्याला पूर यावा लागत नाही. चार महिन्यांनी आपलेच टिपण आपल्याला लागत नाही, हा अनुभव येथे बसलेल्या कितीतरी जणांना असेल.

त्याच १८६६ सालच्या ५ नोव्हेंबरला मध्यप्रांताची पहिली शिरगणती झाली. साऱ्या हिंदुस्थानची एकाच रात्री झालेली पहिली शिरगणती १७ फेब्रुवारी १८८१ ची; म्हणजे ह्या बाबतीत आपला प्रांत चौदा वर्षे पुढे होता. अभिमान वाटण्याजोगी गोष्ट खरी, पण ते काम कोणाच्या हातून झाले ते पाहिले पाहिजे. गावात लिहिता येणारी माणसे किती? पटवारी, शाळामास्तर, मालगुजाराचा एखादा कारकून. ह्यांतील कोणीही त्यापूर्वी माणसे मोजली नव्हती. पटवाऱ्याला जमीन मोजण्याची सवय होती, पण शेत आपले वय सांगत नाही आणि लपूनही बसत नाही. माणसे मोजायची म्हटल्यावर लोकांना वाटायचे, नवा कर बसणार किंवा तरण्या पोरांना पलटणीत नेणार. जेथे जेथे पहिली मोजणी झाली तेथे तेथे अशा कंड्या उठल्या आहेत आणि त्यांना मी वेडगळ म्हणणार नाही. त्या दिवसापर्यंत सरकारी लेखणी ज्या ज्या वेळी दारात आली, त्या त्या वेळी ती काही तरी नेण्यासाठीच आली होती.

पुढच्या शिरगणत्यांत कामाची एक रीत बसत गेली आणि ती मोठी शहाणपणाची होती. प्रांताचे तुकडे, तुकड्यांचे चक, चकांचे तीस-चाळीस घरांचे गट. एका गटाला एक गणक. आधी घरांवर गेरूने क्रमांक घालायचे. मग काही आठवडे अगोदर घरोघर जाऊन काळ्या शाईने कच्ची नोंद करायची. ठरलेल्या रात्री सातपासून मध्यरात्रीपर्यंत तीच वही घेऊन पुन्हा फिरायचे आणि तांबड्या शाईने दुरुस्ती करायची. मध्यंतरी जो मेला किंवा परगावी गेला त्याचे नाव खोडायचे. जे मूल जन्मले किंवा जो पाहुणा मुक्कामाला आला त्याचे चढवायचे. काळी व तांबडी अशा दोन शाया ठेवल्याने कोणती नोंद केव्हाची हे वरिष्ठाला एका दृष्टिक्षेपात कळे. आपल्याकडचे विद्यार्थी चूक सापडली की जुना आकडा पुसून नवा लिहितात आणि मग कोणता खरा ह्याचा पत्ता लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या पटवाऱ्याला हे कळत होते. रात्रही होता होईल तो चांदण्याची आणि जत्रा-सण टाळून निवडीत. ज्या जंगली मुलखात वाघा-अस्वलांच्या भयाने रात्री हिंडणे शक्य नव्हते तेथे दिवसाच मोजणी करीत. नियम सर्वांना एक, पण जेथे नियम मोडणे भाग आहे तेथे तो कोठे व का मोडला हे लिहून ठेवायचे, अशी ही शिस्त होती.

आता रकान्यांकडे वळू, कारण खरी शाळा तेथे आहे. नाव, धर्म, स्त्री की पुरुष, लग्न झालेले की न झालेले की वैधव्य आलेले, वय, जात, धंदा, जन्मस्थान, भाषा, लिहिता-वाचता येते की नाही. वाचताना किती सोपे! पण पहिल्याच रकान्यात ठेच लागते. परक्या माणसापुढे घरातील बायकांची नावे घ्यायची नाहीत ही रीत. सूचना अशी होती की, नाव सांगण्यास हरकत घेतली तर वाद न घालता नुसते 'स्त्री' असे लिहावे. ज्याने ही सूचना लिहिली त्याला माणसे कळत होती. त्याला मोजायचे होते ते माणूस, नाव नव्हे. नावासाठी हट्ट धरला असता तर बाईच मोजणीतून गळाली असती.

धंद्याच्या रकान्यात 'नोकरी', 'मजुरी', 'दुकान' असे मोघम शब्द लिहिण्यास मनाई होती. नोकरी कोणाची आणि कसली? दुकान किराण्याचे की कापडाचे? नवशिक्या गणकाला ही छळणूक वाटे. पण मोघम शब्द एकदा वहीत चढला की पुढे जगातला कोणताही गणिती त्यातून कोष्टी आणि गवंडी वेगळे काढू शकत नाही. दारात जे विचारायचे राहिले ते कचेरीत सापडत नाही.

आणि वय! १९९१ च्या जनगणनेत मी स्वतः प्रगणक होतो. तेव्हा मी शाळेत नवा नवा शिक्षक होतो आणि शहराच्या उत्तरेकडील एक वस्ती माझ्याकडे आली होती. एका म्हातारीला वय विचारले तर ती म्हणाली, "गांधीबाबा गेले त्या साली माहा पयला पोरगा रांगत होता. आता तूच पाय आन् लिही तुले लिहाचं ते." मी खाटेवर बसून हिशेब केला. १९४८ साली रांगते मूल, म्हणजे पहिल्या बाळंतपणी वय सोळा-सतरा धरले तर जन्म १९३० च्या आसपासचा. वय साठ-एकसष्ट. मी एकसष्ट लिहिले आणि त्या नोंदीचा मला आजही अभिमान आहे. पण त्याच दिवशी संध्याकाळी पाय दुखू लागल्यावर शेवटच्या दोन घरांत मी नवरा-बायकोंकडे नुसते पाहून 'चाळीस' आणि 'पस्तीस' असे लिहून मोकळा झालो, हेही सांगितले पाहिजे. आठवड्याने वही चाळताना माझ्या ध्यानात आले की, मोठ्या माणसांची निम्म्याच्या आसपास वये शून्यावर नाही तर पाचावर संपत होती. वास्तविक दहा अंकांपैकी हे दोन. पाचांत एखादेच वय तसे निघावयास हवे. जास्तीची वये लोकांची नव्हती, ती माझ्या आळसाची आणि त्यांच्या अंदाजाची होती. हिंदुस्थानच्या जुन्या शिरगणत्यांत हाच दोष इतका ठळक आहे की, वयांच्या तक्त्यांना आधी सपाट करून घेतल्याशिवाय विद्वान त्यांना हातच लावीत नसत. १९३१ साली तर प्रश्नच बदलला आणि पुरी झालेली वर्षे न विचारता जवळच्या वाढदिवसाचे वय विचारले. लोक खोटे बोलत होते असे नाही. त्यांच्या आयुष्याला वर्षांची गरज नव्हती, घटनांची होती. म्हणून शहाणा गणक पूर, दुष्काळ, साथ, पुढाऱ्याचा मृत्यू अशा ठळक घटनांची यादी जवळ ठेवून वय काढतो.

वह्या भरल्या म्हणजे काम संपले असे नवशिक्याला वाटते. वास्तविक तेथे ते निम्मेही झालेले नसते. १८८१ आणि १८९१ साली वह्यांवरून तक्ते करण्याची पद्धत अशी होती : मोठाल्या कागदांवर रकाने आखायचे आणि वहीतील एकेका माणसासाठी योग्य रकान्यात एकेक रेघ ओढायची. मग रेघा मोजायच्या. कारकुनाला जांभई आली आणि रेघ शेजारच्या रकान्यात पडली, तर ती चूक पुढे कोणालाही सापडणे शक्य नाही. कारण ती रेघ कोणत्या माणसाची हे तिच्यावर लिहिलेले नसते. माणूस रेघेत विरून जातो.

१९०१ साली हे बदलले. बव्हेरियात फॉन मायर ह्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने चालविलेली चिठ्ठ्यांची पद्धत हिंदुस्थानने उचलली. दर माणशी एक चिठ्ठी. चिठ्ठीचा रंग धर्म सांगे. तिच्यावरील खूण स्त्री की पुरुष आणि विवाहित, अविवाहित की विधवा हे सांगे. बाकीचे वहीतून थोडक्यात उतरून घेत. मग कबुतरखान्यासारख्या खणांच्या पेटीपुढे बसून निवडणारा माणूस चिठ्ठ्या टाकीत जाई. आधी वयाप्रमाणे टाकल्या, मोजल्या, आकडा लिहिला; पुन्हा एकत्र केल्या, जातीप्रमाणे टाकल्या, मोजल्या; पुन्हा एकत्र, मग धंद्याप्रमाणे. दर वेळी एकूण बेरीज तीच यावयास हवी. न आली तर चिठ्ठी कोठे तरी पडली आहे किंवा भलत्या खणात गेली आहे, आणि ती शोधून काढता येते! मला ह्या पद्धतीचे फार कौतुक वाटते. अमेरिकेने १८९० सालीच भोके पाडलेल्या पत्त्यांवर विजेची यंत्रे चालविली होती. आपल्याकडे यंत्र नव्हते, माणसे होती. पण तत्त्व एकच. एक माणूस, एक चिठ्ठी. चिठ्ठीवर त्याची सर्व लक्षणे. आणि मूळ वही जपून ठेवलेली. आज मुले संगणकावर तक्ता उघडतात तेव्हा एका माणसाला एक आडवी ओळ देतात. ती ओळ म्हणजे तीच चिठ्ठी होय. एका ओळीत दोन माणसे कोंबली किंवा एका खणात वय आणि धंदा दोन्ही लिहिले म्हणजे काय घोटाळा होतो, हे १९०१ च्या कारकुनाला पगार कापून शिकवीत असतील. आमच्या मुलांना ते परीक्षेच्या आदल्या रात्री कळते.

१९०१ साली मध्यप्रांताच्या शिरगणतीचा प्रमुख आर. व्ही. रसेल हा होता आणि त्याला साहाय्य होते रायबहादूर हिरालाल ह्यांचे. ह्या कामातूनच पुढे जातिजमातींवरचे त्यांचे चार खंड १९१६ साली निघाले. त्या ग्रंथातील अनेक मतांशी आज आपण सहमत होणार नाही. पण त्यातील तळटिपा जरूर पाहाव्यात. हा लेख अमुक नायब तहसीलदाराच्या, अमुक शाळामास्तराच्या टिपणावरून तयार केला आहे, असे तेथे पुन्हा पुन्हा नोंदलेले आढळते. गोळा करणाऱ्या उमेदवारांची नावे राहिली ती एवढीच, आणि ह्या नावांमुळेच कोणती माहिती कोणाच्या नजरेतून आली आहे हे आज तपासता येते.

आता तो खड्डा. १० मार्च १९११ च्या रात्री शिरगणती झाली तेव्हा नागपुरात प्लेग होता. प्लेग आला की लोक घरे सोडून शहराबाहेर झोपड्या घालून राहत. आणि नियम काय होता? त्या रात्री जो जेथे सापडेल तेथे त्याला मोजा. त्या रात्रीच्या गणकांनी नियमाप्रमाणे काम केले. कुलूप असलेल्या घरापुढे शून्य लिहिले, शेताच्या कडेच्या झोपडीतील कुटुंब तेथल्या गावाच्या वहीत घातले. वही बरोबर, चिठ्ठी बरोबर, बेरीज बरोबर, आणि तरी १,०१,४१५ हा आकडा नागपूरचा नव्हे. तो प्लेगच्या एका रात्रीचा आहे. तो दहा वर्षांच्या इतर आकड्यांशेजारी नुसता मांडला की सव्वीस हजार माणसे दहा वर्षांत निघून गेल्याचा भास होतो. एकाच रात्री, सापडेल तेथे मोजण्याची ही रीत पुढे १९४१ साली सोडून दिली आणि नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी मोजण्याची रीत आली. तेव्हा १९३१ आणि १९४१ हे आकडे शेजारी ठेवतानाही एवढे ध्यानात ठेवावे लागते.

उलट प्रकारही आहे. आकड्यात खड्डा दिसत नाही, पण तेथे दरी असते. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या ब्रिटिश मुलखाची लोकसंख्या १९११ साली सुमारे १ कोटी ३९ लाख होती आणि १९२१ सालीही सुमारे १ कोटी ३९ लाखच. ह्यावरून 'दहा वर्षे काही घडले नाही' असे कोणी लिहील तर? मध्ये १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, होऊन गेली होती आणि हा प्रांत तिच्या तडाख्यात सर्वांत अधिक सापडलेल्यांपैकी होता. दहा वर्षांचे सगळे जन्म त्या साथीने आणि त्या दशकातील इतर मृत्यूंनी फेडून टाकले. त्याआधी १८९१ ते १९०१ ह्या दशकात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दोन दुष्काळांत, ह्याच प्रांताचे ब्रिटिश जिल्हे १,०७,८४,२९४ वरून ९८,७६,६४६ वर आले. आठ टक्क्यांहून अधिक घट. हे मृत्यू कोणी नोंदले? गावच्या कोतवालाने. जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर नेणे हे त्याचे काम होते. दुष्काळात कोतवालही उपाशी असतो आणि कोतवालही मरतो. साथीच्या ऐन भरात नोंदी कमी झालेल्या दिसल्या तर साथ ओसरली असे समजण्यापूर्वी, नोंदणारा जिवंत होता का हे विचारावे.

माणसांचा विषय येथे थांबवून पिकाकडे वळतो, कारण विदर्भात आकड्यासाठी जिवाचा खेळ होतो तो पिकावर. माणूस चुकीचे का होईना, पण काही तरी बोलतो. पीक बोलत नाही. म्हणून पटवारी धुऱ्यावर उभा राहून नजरेने आणेवारी ठरवी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. यंदा दहा आणे, यंदा सहा आणे. पेरलेले क्षेत्र, एकरी प्रमाण उत्पन्न आणि आणेवारी ह्यांचा गुणाकार केला म्हणजे जिल्ह्याचे उत्पन्न निघाले. क्षेत्राचा आकडा चांगला असे. आपल्याकडे पटवारी गावोगाव होता आणि नकाशा पक्का होता. पण त्याला गुणायचे ते नजरेने. सव्वानऊ आणे पीक असे कधी कोणाच्या तोंडून ऐकले आहे काय? शिवाय सारा माफ होणार की नाही ते त्या आण्यांवर ठरणार. एका बाजूला गावकऱ्यांचे डोळे, दुसऱ्या बाजूला तहसीलदाराचे. अशा जागी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेला नुसती नजर म्हणता येत नाही.

ह्यातून सुटकेचा मार्ग काढण्याची सुरुवात दुसऱ्या प्रांतात झाली. बिहार-ओरिसात जे. ए. हबॅक ह्या अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ ह्या काळात भाताच्या शेतांत यदृच्छेने जागा निवडून तेवढाच तुकडा कापून तोलण्याचे प्रयोग केले. बंगालमध्ये महालनोबिसांनी १९३७ पासून तागाची पाहणी हाती घेतली. कापसाचे काम मात्र आपल्या अंगणात झाले. इंदूरच्या संस्थेतील व्ही. जी. पानसे आणि रोथॅमस्टेडच्या प्रयोगकेंद्रात काम करून आलेले आर. जे. कळमकर ह्यांनी अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाची नमुना पाहणी केली आणि १९४४ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या वेळी अकोल्याचा कारभार नागपूरहून चाले. दिल्लीस कृषी संशोधन परिषदेत साताऱ्याकडील बुधचे पांडुरंग सुखात्मे हेच काम गहू आणि भात ह्यांवर करीत होते.

ह्या पद्धतीत गावच्या यादीतून गावे, गावातून शेते आणि शेतातून जागा ही सर्व यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून ठरतात. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून अमुक पावले लांबीत, अमुक पावले रुंदीत. तेथे खुंटी ठोकायची, दोरी ताणायची आणि आत जे असेल तेच कापून, मळून, वाळवून तोलायचे. प्रथमच जाणाऱ्या कर्मचाऱ्याची परीक्षा येथे होते. खुंटी नेमकी मोकळ्या खडकाळ जागी येते. शेतकरी म्हणतो, "साहेब, इथं काय मोजता, तिकडं बघा पीक कसं आहे." किंवा विम्याचा विचार मनात असला तर नेमके उलट म्हणतो. कर्मचाऱ्यालाही वाटते, ही जागा काही शेताचे खरे रूप दाखवीत नाही, दोन पावले सरकलो तर काय बिघडले? बिघडते ते सगळेच. ज्या क्षणी तो 'खरे रूप' स्वतः निवडतो, त्या क्षणी पुन्हा धुऱ्यावरची आणेवारी सुरू होते. फक्त हातात दोरी असते इतकेच. शून्य आले तर शून्य लिहायचे. कापसाला तर आणखी एक फेरा आहे. त्याची वेचणी एकदा होत नाही, अनेकदा होते. आखलेला तुकडा महिनोन् महिने सांभाळावा लागतो आणि प्रत्येक वेच वेगळा तोलून लिहावा लागतो. एक वेच घरच्या बायकांनी चुकून वेचला की त्या तुकड्याचे पुढचे सर्व आकडे अपुरे.

सुखात्म्यांनी १९४७ साली जी गोष्ट दाखविली ती मला ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. काम थोडे व्हावे म्हणून तुकडा लहान घेतला तर एकरी उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते, आणि हे सतत एकाच बाजूला होते. कारण काय? दोरीवर येणारे रोप आत धरायचे की बाहेर? प्रामाणिक माणसाचाही हात ते आत ओढतो. आता हिशेब करा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटाला एक फूट कड. उलट ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद चौकोन घ्या. तो एकराचा बरोबर ऐंशीवा भाग. त्याला दर चौरस फुटाला कड जेमतेम दोन-सव्वादोन इंच. कड जितकी कमी तितका मोहही कमी. कर्मचाऱ्याला प्रामाणिकपणाचे व्याख्यान देण्यापेक्षा तुकड्याचा आकार बदलणे अधिक गुणकारी ठरले. पानसे आणि सुखात्मे ह्यांचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि कृषीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

म्हणजे पाहा, मोजणारा आधी लोकांच्या बोलण्यावर शंका घ्यायला शिकला. चिठ्ठ्या आल्या तेव्हा सहकाऱ्याच्या लेखणीवर. आणि अकोल्याच्या कापसात व मुरादाबादकडील गव्हात, इतक्या उशिरा, स्वतःच्या डोळ्यावर. ही शेवटची शंका घेणे सर्वांत कठीण, कारण तेथे चोर कोणीच नसतो.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी समजू नये. आण्यांचे पैसे झाले, पण पैसेवारी आजही दर वर्षी जाहीर होते आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर ह्यावरून विदर्भातील वर्तमानपत्रे भरून जातात. २०१६ पासून चालू असलेल्या पीकविमा योजनेतही पीककापणी प्रयोगांचे आकडे लागतात. आणि २०११ नंतर लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस जाहीर झालेला आहे. सर्व जातींची गणना १९३१ नंतर प्रथमच तीत व्हावयाची आहे. वही जाऊन भ्रमणध्वनी आला. दार मात्र तेच आहे, आणि दारात उभा राहणारा बहुधा एखादा तरुण शिक्षकच असेल, ज्याचे संध्याकाळी पाय दुखू लागतील.

त्या विद्यार्थ्याची हकीगत पुरी करतो. पंधरा दिवसांनी तो नवा आलेख घेऊन आला. दीड पानांची मीमांसा गेली होती. १९११ च्या बिंदूवर त्याने फुली मारली होती आणि खाली लिहिले होते : "मोजणीची रात्र १० मार्च, शहरात प्लेग, लोक बाहेर." पण रेघ त्याने १९३१ पर्यंत वाढविली होती आणि आता त्याची तक्रार वेगळी होती. १९२१ साली १,४५,१९३ आणि १९३१ साली २,१५,१६५. दहा वर्षांत सत्तर हजार माणसे वाढली कशी? मी उत्तर दिले नाही. शहराची हद्द दोन्ही वेळा तीच धरली होती का, ते अहवालात आधी पाहून ये, एवढे सांगितले. तो पायरीवरच चपला घालता घालता म्हणाला, "सर, आणि तेव्हा साथ नव्हती ना, तेही पाहतो."